खडूच्या टेकडीवरची बाटली

चामराजपुरमच्या सोयराबाई देवाशीसुद्धा तोंड सांभाळून बोलत नसत, तिथे गिऱ्हाइकांची काय कथा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं आणि नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. नवरा, सत्यनारायणराव, कापड कापायचा. बाई मापं घ्यायच्या आणि मापं घेता घेता समोरच्याला सत्य सांगायच्या. एका कॉलेजच्या प्राचार्यबाईंना त्यांनी भर दुकानात सांगितलं होतं, की टेप तीच आहे, मागच्या दिवाळीचीच, बदललं ते दुसरंच काहीतरी. प्राचार्यबाई रुसून गेल्या आणि पुढच्या दिवाळीला परत आल्या. सोयराबाईंच्या हातचं ब्लाउज पाठीवर एक चुणी पडू देत नसे, त्यामुळे त्यांचं बोलणं लोक पोटात घालत.

शिवणयंत्राच्या वर विठ्ठलाची तसबीर. रोज सकाळी फूल वाहताना बाई त्याला कालचा जाब विचारत. वीज घालवलीस ती घालवलीस, निदान इस्त्री आटपल्यावर तरी घालवायची. सत्यनारायणराव गळ्यात माळ घातलेले, मितभाषी. ते डोळे मिटून घेत. त्यांच्या मते देवाला बायकोची सवय झाली होती, जशी त्यांना झाली होती.

घराणं महाराष्ट्रातून म्हैसूरला कधी आलं हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. घरात बोलायचे मराठीच, पण भात मराठी आणि वर सांबार कन्नड, असं ते मराठी. एक वाक्य सुरू व्हायचं पंढरपुरात आणि संपायचं श्रीरंगपट्टणात.

त्यांची एकुलती एक मुलगी लावण्या. म्हैसूरलाच सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि दक्षिण इंग्लंडात एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिथे तिला अमेय वर्तक भेटला. तो कुवेंपुनगरचा निघाला. चामराजपुरमहून कुवेंपुनगरला सिटी बस जाते, ऑटो जाते, हौस असली तर माणूस चालतही जातो. या दोघांनी मात्र एकमेकांना भेटायला विमान पकडलं होतं. लग्न करायचं ठरलं, तेव्हा सोयराबाईंनी एवढंच विचारलं, की एवढ्या लांब जाऊन गल्लीतलाच आणायचा होता, तर तिकिटाचा खटाटोप कशाला केलास?

मग रीतीप्रमाणे नवरा-बायको वर्तकांच्या घरी गेले.

अमेयचे वडील शरदचंद्र वर्तक पुण्याचे. वीसेक वर्षांपूर्वी हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. त्यांना वाइनचा नाद होता. नाद म्हणजे पिण्याचा नव्हे. एक ग्लास प्यायचे आणि बाटलीभर बोलायचे. दिवाणखान्यात काचेच्या दाराचा एक फ्रिज होता, त्यात बाटल्यांशिवाय काही नव्हतं, लिंबूसुद्धा नाही. त्यांची पत्नी अलकाबाई नीटनेटक्या, मंद आवाजात बोलणाऱ्या. सोयराबाईंनी घरात पाऊल टाकून चार वाक्यं बोलताच त्या म्हणाल्या, "तुमचं मराठी किती गोड आहे हो." हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की सोयराबाईंना आपण वाटीतून सांडलो आहोत असं वाटलं. पुढे सत्यनारायणरावांनी समाज सांगितला, तेव्हा अलकाबाई "शिंपी का? वा," असं म्हणाल्या. तो "वा" जरा लांबला. सोयराबाईंचं आयुष्य इंच आणि अर्धा इंच मोजण्यात गेलं होतं. तो "वा" नक्की कितीने लांबला हे त्यांना कळलं. लग्न पुण्यालाच व्हायला हवं, हेही अलकाबाईंनी त्याच मंद आवाजात सांगून टाकलं.

तेवढ्यात शरदचंद्रांचे मित्र नरसिंहमूर्ती आले. कारखान्यातलेच, कधीकाळी कामानिमित्त फ्रान्सात राहून आलेले. बोलणं मुलांच्या इंग्लंडवरून तिथल्या खाण्यापिण्यावर गेलं. अमेयने फोनवर सांगितलं होतं म्हणे, की सुट्टीवर येताना तो तिकडची बुडबुड्यांची वाइन आणेल, हल्ली इंग्लंडात फार चांगली होते. ते सांगताना शरदचंद्रांना हसू आवरेना. इंग्रज माणसाने आजवर फक्त भाज्या उकडल्या, असं त्यांचं मत. वाइन करावी फ्रेंचांनी; इंग्लंडात जे होतं ते बाटलीत भरलेलं पावसाचं पाणी, वर थोडा गॅस. नरसिंहमूर्तींनी मान डोलावली. आणि मग शरदचंद्र सत्यनारायणरावांकडे वळून म्हणाले, की हे सगळं तुम्हाला सांगून काय उपयोग, तुमच्याकडे कसं, हा विषयच नाही.

विषय खरंच नव्हता. सोयराबाईंनी जन्मात वाइनची बाटली हातात धरली नव्हती. पण "तुमच्याकडे" हा शब्द त्यांना टोचला, टाचणी कापडात राहून जावी आणि अंगात घातल्यावर कळावी तसा. त्या कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मुलं येतायत ना, अल्वा? त्या रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला. इंग्लिश वाइन मी देते तुम्हाला. सुम्ने, उगाच बोलत नाही मी."

घरी आल्यावर माळेवर हात ठेवून सत्यनारायणरावांनी विचारलं, की ते आपल्या घरात येणार? बाईंनी उत्तर तयारच ठेवलं होतं. ते घरात येणार नाही, दुकानात येणार. दुकानात आजवर काय काय आलं आहे; माणसं तर याहून वाईट आली आहेत.

निवड करायची वेळ आली तेव्हा लावण्या तिकडच्या एका वाइनच्या दुकानात उभी होती आणि सोयराबाई इकडे कापायच्या टेबलावर फोन उभा करून बसल्या होत्या. गळ्यात टेप होतीच. लावण्याला वाटलं होतं, अम्मा एक बाटली बघेल आणि हो म्हणेल. पण जिने तिच्या शाळेच्या गणवेशाच्या कापडासाठी अख्खा देवराज अर्स रस्ता पालथा घातला होता, ती अम्मा अशी सुटणार नव्हती. दुकानाची मालकीण एक वयस्कर इंग्रज बाई होती. तिलाही असं गिऱ्हाईक नवीनच असावं, कारण ती मध्येच एक स्टूल घेऊन बसली.

सोयराबाईंना सगळ्यांत आधी आवडली ती मुकुटाचं चित्र असलेली, सोनेरी, राणीसारखी दिसणारी बाटली. वर "ब्रिटिश" असं ठसठशीत लिहिलेलं. मालकिणीने ती हळूच बाजूला केली. तिने सांगितलं आणि लावण्याने मराठीत आणलं, की "ब्रिटिश" लिहिलेलं असलं की द्राक्षांचा रस बहुधा दुसऱ्याच देशातून आलेला असतो, इथे फक्त त्याची वाइन करून भरतात. द्राक्षंही तिथलीच हवी असतील तर "इंग्लिश" लिहिलेलं बघायचं. हे सोयराबाईंना एका क्षणात कळलं. पॅलेसच्या बाजूला रिक्षावाले पर्यटकांना घेऊन जातात, तिथली म्हैसूर सिल्क अशीच असते. म्हैसूर फक्त खोक्यावर असतं.

दुसरी होती गुलाबी. ती बाईंनी स्वतःच नाकारली. पाहुण्यांना वाटेल रोझमिल्क दिलं. मग त्यांनी गोड आहे का काही, असं विचारलं, कारण पाहुण्याला गोड द्यावं. मालकीण म्हणाली, की गोड असते, पण नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना ती देऊ नका, ते म्हणतील साखरेने आंबटपणा झाकला. कोरडीच द्या. वाइन कोरडी कशी असते हे सोयराबाईंनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांना पटलं नाही. शेवटी मालकिणीने विचारलं, की जेवायला काय आहे? सोयराबाईंनी यादी सांगितली: बोंडे, मिरची भजी, तांदळाच्या पिठाचे कुरकुरीत निप्पट्टू. लावण्याने ते इंग्रजीत कसंबसं पोचवलं, तशी ती बाई स्टुलावरून उठली. तळलेलं आणि खारट असेल तर काळजीच नको, म्हणाली. इकडची वाइन लिंबासारखी धारदार असते. आम्ही ती तळलेल्या माशाबरोबर पितो, ती तोंडातलं तेल पुसून टाकते.

तिने तीन बाटल्या पुढे मांडल्या. तिन्ही इंग्लिश, तिन्ही कोरड्या. एक काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांची मिळून, एक चिकणमातीतल्या मळ्याची, आणि एक निव्वळ पांढऱ्या द्राक्षांची, समुद्राजवळच्या टेकडीवरची. ती टेकडी कसली, तर खडूची. सोयराबाईंना वाटलं लावण्याचं मराठी घसरलं. पण नाही, खडूच. वर वीतभर माती आणि खाली सगळा पांढरा खडू. वेलीची मुळं त्यात उतरतात. शँपेनच्या गावीही असाच खडू आहे म्हणे.

सोयराबाईंनी टेबलावरचा आपला खडू उचलला, निळा, झिजून नखाएवढा झालेला. आयुष्यभर याच्या धुळीत त्या बसल्या होत्या. पदरात, केसांत, भातातसुद्धा तो जायचा. बाकी काही त्यांना कळलं नव्हतं. वाइन यीस्टवर तीन वर्षं आडवी पडून राहते हे कळलं नव्हतं, कोरडी म्हणजे काय हे तर मुळीच नाही. "आयतु, ठरलं," त्या म्हणाल्या. "खडूवाली घे. दोन घे." हे काही ज्ञान नव्हतं. शुद्ध पक्षपात होता. लोक जसे आपल्या गावच्या माणसाला मत देतात, तसा.

मुलं आली, बाटल्या आल्या. कपड्यांत गुंडाळून आणलेल्या त्या बाटल्या बाईंनी फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी आडव्या ठेवल्या. शनिवारी संध्याकाळी लावण्या आणि अमेय मित्रांना भेटायला बाहेर पडले. घरात दोघंच. बाईंच्या मनाने घेतलं, की ट्रायल घेतल्याशिवाय आपण कुणाच्या अंगावर ब्लाउज चढवत नाही, मग चव न बघता पाहुण्यांना वाइन कशी द्यायची?

त्यांनी एक बाटली काढली. फोनवर बघितलं होतं, की बूच धरायचं आणि बाटली फिरवायची, हळू. वरची तारेची जाळी काढेपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी बाटली टेबलावर आडवी ठेवून कात्री शोधायला पाठ वळवली. मोठा आवाज झाला. बूच सरळ जाऊन दुकानातल्या कापडी पुतळ्याच्या छातीत बसलं, पुतळा मागे कलंडला, आणि एका साखरपुड्याच्या रेशमी ब्लाउजवर फेसाचा वर्षाव झाला. सत्यनारायणराव आतून धावत आले. त्यांनी पहिल्यांदा ब्लाउज उचलून पाण्यात टाकलं, मग पुतळा उभा केला, मग बायकोकडे बघितलं. बाई बाटलीला अंगठा लावून उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या.

"आता उघडलीच आहे," त्या म्हणाल्या.

उरलेलं त्यांनी स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि त्या प्यायल्या. पहिला घोट त्यांना चिंचेच्या कोळासारखा वाटला, गूळ घालायला कुणीतरी विसरलेला. फार वाईट वाटलं त्यांना. मुकुटवाली घ्यायला हवी होती, रोझमिल्कही चाललं असतं. खडूवर भाळून आपण उद्या तोंडघशी पडणार. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दुःखात माणूस करतो ते त्यांनी केलं, संध्याकाळची उरलेली दोन मिरची भजी खाल्ली. वर सवयीने घोट घेतला. आणि थांबल्या. आणखी एक भजं, आणखी एक घोट. तो आंबटपणा गेला कुठे? तोंड कसं लख्ख झालं होतं, आणि आणखी एक भजं मागत होतं.

सत्यनारायणरावांनी प्यायचा प्रश्नच नव्हता. पण वास घ्यायला माळेची आडकाठी नव्हती. पेल्यावर नाक नेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, की सकाळी अय्यंगार बेकरीचं शटर उघडतं तेव्हा असा वास येतो. पावाचा, आणि मागे कुठेतरी हिरवं सफरचंद. एवढं लांब वाक्य ते वर्षातून एखाद्या वेळी बोलत. बाईंनी विठ्ठलाकडे बघून सांगितलं, की ही ट्रायल होती, मोजू नकोस.

रविवारी पाहुणे आले. कापायचं टेबल पुसून त्यावर चादर घातली होती. लावण्याने साधे, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असे ग्लास आणले होते. सत्यनारायणरावांनी सकाळीच तसबिरीवर एक कापड टाकलं. हाताला लागलं ते जॉर्जेट होतं, त्यामुळे देवाला सगळं दिसत होतं, फक्त जरा धूसर.

शरदचंद्रांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली. अस्सल फ्रेंच शँपेन. इंग्लिश प्रकार फसला तर दिवस वाया जायला नको, असं त्यांचं म्हणणं. अमेय वडिलांवर चिडला. सोयराबाईंनी मात्र बाटली हातात घेऊन वजन बघितलं आणि नरसिंहमूर्तींना विचारलं, की दोन्ही झाकून देऊ का? मूर्तींना कल्पना फार आवडली. बाईंनी अस्तराच्या दोन उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या पाच मिनिटांत शिवल्या, एक हिरवी, एक तांबडी. आत जाऊन लावण्याने बाटल्या त्यात घातल्या. या वेळी बूच काढलं अमेयने, आणि आवाज झाला तो एखाद्या सभ्य माणसाने ढेकर दाबावा एवढाच.

बोंडे आले, भजी आली. शरदचंद्रांनी ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, तोंडात घोळवलं. नरसिंहमूर्तींनी तसंच केलं. अलकाबाई म्हणाल्या, मी घेत नाही, फक्त चव बघते. सोयराबाई भज्यांचा घाणा काढत दारातून बघत होत्या. ब्लाउज घालून बाई आरशासमोर उभी राहते तेव्हा बघतात, तशाच.

शरदचंद्रांनी निकाल दिला. तांबडी पिशवी फ्रेंच, हिरवी इंग्लिश. तांबडीत खोली आहे, घराणं आहे. हिरवी चलाख आहे, पण पोरकट. शंका नको, तांबडी श्रेष्ठ. पिशव्या उतरवल्या. त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. माणूस बोलायचा फार, पण जीभ खोटी नव्हती. लावण्याचं तोंड पडलं.

सोयराबाईंनाही लागलं. पण त्यांची नजर कपड्यावर असते, कपड्याबद्दल जे बोललं जातं त्यावर नाही. फ्रेंच घराण्यावर व्याख्यान देता देता शरदचंद्रांचा हात एक भजं उचलत होता आणि मग हिरव्या पिशवीतून निघालेल्या बाटलीकडे जात होता. एकदा गेला, पुन्हा गेला. नरसिंहमूर्ती तर निकालापूर्वीपासून तिच्यावरच होते. चव बघणाऱ्या अलकाबाईंचा ग्लास तिसऱ्यांदा भरला होता. घराणेदार बाटली मात्र जवळजवळ भरलेलीच, कुणी नाचायला न नेलेल्या नवरीच्या आत्येसारखी बसून होती.

सोयराबाई नवा घाणा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सार, चांगली कुठली ते तुम्ही सांगितलं. आम्हाला पटलं. मग ती प्या की. ही वाईट सगळी तुम्हीच संपवताय अल्वा?"

नरसिंहमूर्ती आधी हसले, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले ज्याचा अर्थ, सापडलास, असा होता. शरदचंद्रांनी हातातल्या बाटलीकडे बघितलं, जणू ती कुणीतरी त्यांच्या हातात दिली होती. मग भज्यांचा दोष आहे म्हणाले. मग म्हणाले, की श्रेष्ठ असणं वेगळं आणि प्यावंसं वाटणं वेगळं. हे त्यांनी सिद्धांतासारखं सांगितलं, पण तोवर बाटली रिकामी झाली होती.

दुसरी आणा, असं नरसिंहमूर्तींनी सुचवलं. सोयराबाईंनी पुतळ्याकडे बोट दाखवून काल काय झालं ते सांगितलं, बूच कुठे बसलं त्या जागेसकट. अलकाबाई इतक्या हसल्या, की त्यांना पदर तोंडावर धरावा लागला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते भरलेलेच राहिले. सोयराबाई त्यांना आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

तिथे डब्यावर बसून अलकाबाई जे बोलल्या, ते मंद आवाजात नव्हतं. लग्न पुण्याला करायचा हट्ट त्यांनी धरला होता, हे खरं होतं. कारण इथे त्यांच्या बाजूने कोण येणार? वीस वर्षांत कारखान्यातली माणसं ओळखीची झाली आणि निवृत्तीबरोबर गेली. शेजारी चांगले आहेत, पण दारातून बोलतात. हॉलमध्ये मुलीकडची चारशे माणसं आणि मुलाकडे आम्ही दोघं आणि मूर्ती, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पुण्यात निदान नातेवाईक तरी भांडायला येतील. "त्या दिवशी मी तुमच्याशी नीट बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमचा हेवाच वाटला होता. तुम्ही आलात तेव्हा शेजारच्या तीन बायका तुम्हाला हाक मारून गेल्या. माझ्या दारात."

सोयराबाईंकडे या दुःखावर सांत्वन नव्हतं, पण तोडगा होता. "माणसं काय, आमच्याकडे जास्तच आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या समाजाचं लग्न म्हणजे अर्धं म्हैसूर. लग्न इथेच करा. अर्धी माणसं तुमच्या बाजूला बसवते मी. चांगली बघून देते."

अलकाबाईंना वाटलं ही थट्टा आहे. ती थट्टा नव्हती.

लग्न म्हैसूरलाच झालं, समाजाच्या विठ्ठलमंदिराला लागून असलेल्या हॉलमध्ये. तिथे वाइनचा विषय नव्हता. पानक होतं, कोसंबरी होती. शरदचंद्र फेटा बांधून दारात उभे होते आणि कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला समजावत होते, की इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांकडे आपलं लक्ष पहिल्यापासून होतं. सोयराबाईंनी शब्द पाळला. चामराजपुरमच्या दीडदोनशे बायका, पुरुष, म्हातारे, असे निवडून त्यांनी मुलाच्या बाजूला बसवले. तुम्ही आज वर्तकांचे, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. पहिली पंगत उठायच्या आत त्यांतल्या एक मावशी, ज्या सोयराबाईंना लहानपणापासून ओळखत होत्या, कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी मुलीच्या आईला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मुलाकडच्यांची कॉफी गार आली आहे, आणि आमच्या अलकाबाईंना असलं चालत नाही.